आतली बाई

बीड, बागवान गल्ली
१४ जून २०२४

आदरणीय बाईंना गौसियाचा सलाम आणि नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "भाभी, हातानं लिवलेलं पाकीट या गल्लीत फक्त तुमालाच येतंय." मी म्हटलं, आमच्या बाईंना फोनवरचं ऐकू येत नाही आणि मोबाइलची अक्षरं दिसत नाहीत, मग काय करणार? त्याला तुम्ही आठवता. त्याच्या मोठ्या भावाचे कान तुम्ही चौथीत पिळले होते म्हणे.

तुम्ही पुण्याला सुरजकडे गेल्याला दोन वर्षं झाली. तुमच्या खोल्यांत आता कोचिंग क्लास भरतो. भिंतीपलीकडून आवाज येतो, पण तुमच्यासारखा खणखणीत नाही. इकडे आमच्या ह्यांचा फळांचा गाडा बरा चाललाय. सून फरजाना तुमची आठवण काढते.

आता मुद्द्याचं. बायपासजवळ मोसंबीची बाग तोडून इमारती होतायत, नाव मोसंबीबागच ठेवलंय. परवा त्रिंबकशेठ दलालीच्या कामाला मला नेहमीसारखं घेऊन गेले. "भाभी, चला, बाया आल्यात." अठरा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. पुरुष ओट्यावर चहा घेत भाव बोलतात आणि मी बायकांना आत नेते. नळ सोडून दाखवते, ओट्याची उंची दाखवते, देव कुठं मांडायचे, नमाजाआधी वजूला हातपाय कुठं धुवायचे, पापड कुठं वाळतील ते सांगते. घर ठरतं ते आत ठरतं, हे शेठनाही माहीत आहे. पण कागद झाला की त्यावर शेठ असतात, घेणारा असतो, देणारा असतो, दोन साक्षीदार असतात. मी कुठंच नसते. ईदला एक सूटपीस येतं. गावात मला 'आतली बाई' म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे.

तर त्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसच्या दारावर पाटी होती. महारेराची नोंदणी नसलेल्या एजंटने आत येऊ नये. महारेरा म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था म्हणे. शेठ हसले. "हे मुंबई-पुण्याचं लफडं हाय, बीडात कोण विचारतंय?" ऑफिसातल्या पोरीने विचारलं. शेठ बाहेर, मी बाहेर आणि बाया उन्हात. मग त्या पोरीनेच सांगितलं की वीस तासांचं शिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, पास झालं की अर्ज करायचा आणि मग स्वतःच्या नावाचा नंबर मिळतो. दहावी पास असेल तर चालतं.

बाई, दहावी तर तुम्हीच माझ्याकडून करून घेतलीत, अडतिसाव्या वर्षी, भाकरी थापता थापता. मी नाव नोंदवलंय. मला कागदावर माझं नाव पाहिजे. बाकी काही नको. आता तुम्ही मला वेड्यात काढा, नाहीतर अभ्यास घ्या.

तुमची विद्यार्थिनी,
गौसिया ख्वाजा बागवान

---

पुणे
२४ जून २०२४

चि. गौसिया, अनेक आशीर्वाद.

वेड्यात काढायला मला वेळ नाही. अभ्यास घेते.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवलं आहे. शुद्धलेखनाच्या अकरा चुका. दहापैकी सात. तोंड वाकडं करू नकोस, दहापैकी दहा मी अख्ख्या नोकरीत कोणाला दिलेले नाहीत, हे तुला माहीत आहे. उत्तरात सुधारायला नेहमी जागा असते.

मी इथे उत्तम आहे. सुरज भला आहे, सूनबाई भली आहे, नात संस्कृती हुशार आहे. अकराव्या मजल्यावर वारा छान येतो. सकाळी तिघं बाहेर पडतात ते संध्याकाळी येतात. मधल्या वेळात मी वाचते. परवा कुरिअरवाला येऊन गेला म्हणे, घंटी वाजवून वाजवून कंटाळला असेल. मला कसं कळणार? असो.

नियम मीही मागवून वाचते आहे, म्हणजे तुला फसवता येणार नाही. दर पत्रात सरावाचे प्रश्न घालीन. उत्तरं सविस्तर हवीत.

प्रश्न पहिला. एक बाई आहे, वय एकाहत्तर. एकटी राहणार. गुडघे कुरकुरतात. तुझ्या त्या मोसंबीबागेत तिने कोणतं घर घ्यावं?

प्रश्न दुसरा. तिला ऐकू येत नाही. दाराशी कोणी आलं हे तिला कसं कळावं? एजंटने त्याबाबत काय करावं?

सीताफळांचा हंगाम आला की ख्वाजामियाँना म्हणावं, पुण्याची सीताफळं नुसती गुबगुबीत आहेत, चव आपल्या बालाघाटच्या डोंगरातलीच.

आशीर्वाद,
वत्सला नाईकवाडे

---

बीड
२० जुलै २०२४

आदरणीय बाईंना सलाम.

सात मार्क पाहून फरजाना हसत सुटली. तिला म्हटलं, तू घेऊन दाखव.

वर्ग सुरू आहेत, अर्धे मोबाइलवर, अर्धे एका हॉलमध्ये. चाळीस पुरुष आणि आम्ही तीन बायका. त्रिंबकशेठही आले होते. पहिल्या दिवशी पंख्याखालची खुर्ची पकडून झोपले, दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मी पहिल्या रांगेत बसते. कायदा काय म्हणतो हे कळलं की राग येतो. गॅलरी चटई क्षेत्रात धरत नाहीत म्हणे! मी उठून विचारलं, सर, बाई अर्धा दिवस गॅलरीत असते, धान्य तिथं, वाळवण तिथं, मग ती घरात नाही का? सर म्हणाले, ताई, भिंतीच्या आतलं तेवढंच धरायचं. सगळे हसले. पण मी लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र मनापासून पटली. घराचं वाईट ते घेणाऱ्याने विचारलं नाही तरी सांगायचं. हे तर मी अठरा वर्षं करतेय आणि शेठच्या शिव्या खातेय.

आता तुमचे प्रश्न. तुमची सवय काही जात नाही. पूर्वी गणितात 'वत्सलाबाईंनी पाच डझन केळी घेतली' असं घालायचात, आता घर घ्यायला निघालात. असो, गणित सोडवायला माझी ना नाही.

न पाहिलेल्या घराबद्दल मी बोलत नाही, म्हणून पुन्हा साइटवर गेले. वॉचमन ओळखीचा आहे. भर दुपारी चपला काढून तळमजल्याच्या चारही घरांत उभी राहिले. उत्तर पहिलं: तीन नंबर घेऊ नये. बाहेरून फार छान दिसतं, पण खाली पाण्याची टाकी आहे, ओल येणार आणि डास सोडणार नाहीत. चार नंबरला ऊनच नाही. एक नंबर रस्त्यावर, धूळ. दोन नंबर घ्यावं. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, समोर मोसंबीची दोन झाडं शिल्लक ठेवलीत. पण दोन नंबरचं वाईटही लिहिते. न्हाणीघराचा उंबरा उंच आहे, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकेल. तो प्लास्टरच्या आधी काढून घ्यावा आणि तसं लिहून घ्यावं.

उत्तर दुसरं: बहिऱ्या माणसाला घंटी काय कामाची? बटन दाबलं की आत दिवा लागला पाहिजे. एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत, उशीवरून दिसेल असा. वायर भिंतीतून टाकायची तर आत्ताच सांगावं लागेल, नंतर भिंत फोडायला कोणी येत नाही. एजंटने इलेक्ट्रिशियनपाशी स्वतः उभं राहावं.

परीक्षा पंचवीस ऑगस्टला, केंद्र लातूर. दुआ करा.

तुमची
गौसिया

---

पुणे
२ ऑगस्ट २०२४

चि. गौसिया, आशीर्वाद.

पहिलं उत्तर नऊ. उंबऱ्याचं मला सुचलं नसतं. दुसऱ्या उत्तराला सध्या आठ. दिवा लागतो की नाही हे पाहिल्याशिवाय जास्त देता येणार नाही. तुझाच नियम, न पाहिलेल्या घराबद्दल बोलायचं नाही.

परीक्षेत गॅलरीवरून भांडू नकोस. तिथे कायद्याचं उत्तर लिही आणि मनातलं मनात ठेव.

प्रश्न तिसरा. या बाईला एक मुलगा आहे. तो तिला प्रेमाने ठेवतो. घर तिच्या पेन्शनीतून साठवलेल्या पैशाचं आहे. तिने मुलाला आधी सांगावं, की घर घेऊन मग सांगावं? याचं उत्तर घाईने देऊ नकोस.

लातूरला जाताना फरजानाला बरोबर घे. खिडकीची जागा पकड आणि बसमध्ये वाचू नकोस, तुला मळमळतं.

आशीर्वाद,
वत्सला नाईकवाडे

---

पुणे
१६ सप्टेंबर २०२४

गौसिया, परीक्षा होऊन तीन आठवडे झाले. तुझं पत्र नाही. पास की नापास, एक ओळ लिही. तिसरा प्रश्नही तसाच आहे.

व. नाईकवाडे

---

बीड
२१ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

मी फरजाना. अम्मींना न सांगता लिहितेय, चुका असतील तर माफ करा आणि प्लीज मार्क देऊ नका.

अम्मी थोडक्यात राहिल्या. त्यांनी घरात कोणाला निकाल सांगितला नाही, मला मोबाइलवर दिसला म्हणून कळलं. तेव्हापासून पुस्तक ट्रंकेत आहे. त्रिंबकशेठ गल्लीत येऊन बोलून गेले, "म्या म्हणलं नव्हतं का, हे आपलं काम न्हाई?" अब्बूंनी त्यांना दोन सडकी सफरचंदं तोलून दिली. अम्मी पुन्हा त्यांच्याबरोबर बायकांना घर दाखवायला गेल्या. आल्यावर जेवल्या नाहीत.

बाई, त्या का राहिल्या ते ऐका. पन्नासपैकी एकतीस प्रश्न अम्मींनी कोरे सोडले, आणि पास व्हायला वीस बरोबर लागतात. मी म्हटलं, अम्मी, चार पर्याय होते, काहीतरी दाबायचं ना, चुकलं तर मार्क कापत नव्हते! तर त्या म्हणाल्या, "जे नक्की माहीत नाही ते मी कसं सांगू? उद्या कुणी विचारलं, भाभी, तुम्ही पाहिलं होतं का, तर काय बोलू?" कॉम्प्युटरला कोण विचारणार आहे? मी हसू की रडू तेच कळेना.

परीक्षा पुन्हा देता येते. फी मी भरून ठेवते, शिलाईची कमाई आहे माझी. पण त्या माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. प्लीज लिहा.

फरजाना

---

पुणे
२६ सप्टेंबर २०२४

गौसिया,

फरजानाला रागावू नकोस. तिने चूक केली नाही, तू केलीस.

घराबद्दल खोटं न बोलणं हा तुझा धर्म आहे आणि त्यासाठी मी तुला मानते. पण परीक्षा म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. परीक्षक तुला घर मागत नाही, तुझी समज मागतो. चार दारं समोर असतील तर ज्या दारात उजेड जास्त वाटतो ते उघडायचं. उघडून चुकलं तर लाज नाही. दाराशीच उभी राहिलीस याची लाज वाटू दे. अडतिसाव्या वर्षी बीजगणिताच्या पेपरात तू तीन तास घाम पुसत बसलीस, पण एकही ओळ कोरी सोडली नव्हतीस. ती बाई कुठे गेली?

आणि एक ऐक. हे मी आजपर्यंत कोणाला लिहिलेलं नाही. मला या परीक्षेचा निकाल तुझ्याइतकाच हवा आहे. का ते आत्ता विचारू नकोस. इथे दिवस फार मोठे असतात, गौसिया. माणसं चांगली आहेत, फक्त बोलायला कोणी नसतं. माझ्यासाठी मोठ्याने बोलायचं म्हणजे त्यांना लाज वाटते, आणि हळू बोललेलं मला कळत नाही. तुझ्या पत्राची वाट पाहणं हे माझं काम झालं आहे. ते काम काढून घेऊ नकोस.

ट्रंकेतून पुस्तक बाहेर काढ. रोज दहा प्रश्न, एकही कोरा नाही. चुकले तर चुकले. मी तपासून पाठवीन.

वत्सला नाईकवाडे

---

बीड
२६ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई, सलाम, सलाम, सलाम!

पास झाल्याचं फरजानाने तुम्हाला कळवलंच. मीच लिहिणार होते, पण ठरवलं होतं की नंबर हातात आल्याशिवाय पेन धरायचं नाही. चार दिवसांपूर्वी आला. प्रमाणपत्रावर वर माझा फोटो आहे, पदर नीट घेतलेला. खाली लिहिलंय, गौसिया ख्वाजा बागवान, मालमत्ता एजंट, आणि हा एवढा लांबलचक नंबर. पाच वर्षांसाठी. मी तो पाठ केलाय.

ह्यांनी काय केलं माहीत आहे? गाड्यावर पेरूच्या भावाखाली खडूने माझा नंबर लिहिला. एक गिऱ्हाईक तो फोन नंबर समजून लावत बसलं, लागेना म्हणून ह्यांच्याशी भांडलं. हे त्याला म्हणाले, "मेरी बेगम का नंबर है, हरेक को नहीं लगता."

या वेळी एकही प्रश्न कोरा सोडला नाही. एका प्रश्नाला तर डोळे मिटून, बिस्मिल्ला म्हणून तिसरा पर्याय दाबला. बरोबर आला असेल तर माझं श्रेय नाही. तुमच्या लाल शाईच्या वहीचं आहे. चारशे वीस प्रश्न तपासलेत तुम्ही, मी मोजलेत. चारशे विसावर थांबलात हे मात्र शोभलं नाही.

आता त्रिंबकशेठचं ऐका. परवा पेढे आणि सूटपीस घेऊन आले. आमच्या दारात इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "भाभी, आता आपलं झकास झालं. नंबर तुमचा, पळापळ माझी. तुमी घरी बसा निवांत. कावून उगं उन्हातान्हात फिरता?"

मी म्हटलं, "शेठ, नंबर म्हणजे काय सायकल हाय का, एक चक्कर मारून आणतो म्हणायला? ज्याच्या नावाचा, त्यानंच वापरायचा. कायद्यात हाय. तुमी दुसऱ्या दिवशी वर्गाला आला असता तर तुमालाबी कळलं असतं."

"म्हंजे अठरा वर्षांचं काहीच न्हाई?"

"हाय की. लई हाय. म्हणूनच सांगते, तुमीबी परीक्षा द्या. पुस्तक माझ्याकडून न्या. पास झाला की बरोबरीनं करू. तवर पुरुष आले तर ओट्यावर बसवून चहा मीच पाजते."

 जाताना शेठ पुस्तक घेऊन गेले, बाई! पेढे ठेवून गेले, सूटपीस मी परत दिलं. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग हसले आणि मग पेढा खाल्ला.

मोसंबीबागेच्या ऑफिसात आता मला आत घेतात. खुर्ची देतात. पहिलं गिऱ्हाईक कोण मिळतंय ते बघू.

तुमचीच,
गौसिया

---

पुणे
६ जानेवारी २०२५

प्रति,
श्रीमती गौसिया ख्वाजा बागवान,
नोंदणीकृत मालमत्ता एजंट, बीड.

विषय: मोसंबीबाग येथील तळमजल्यावरील सदनिका क्रमांक दोनबाबत.

महोदया,

वरील सदनिका मला माझ्या नावे विकत घ्यावयाची आहे. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. एकटी राहणार. गुडघे कुरकुरतात. ऐकू येत नाही. सदर सदनिकेचे गुणदोष आपल्या जुलैच्या उत्तरपत्रिकेतून समजले आहेत. न्हाणीघराचा उंबरा व दाराच्या बटनाचा दिवा या दोन अटी करारात लिहून घ्याव्यात.

ऑफिसातून परस्पर चौकशी करता आली असती. परंतु नोंदणीकृत एजंटमार्फतच घर घ्यायचे असे ठरवून मी सहा महिने थांबले आहे. एजंट पास होईल याबद्दल मला शंका नव्हती, फक्त सप्टेंबरात दोन रात्री झोप आली नाही.

कळावे.

आपली विश्वासू,
वत्सला नाईकवाडे

ता. क. ही सवय नव्हती, गौसिया. केळी मी खरंच घ्यायचे.

---

बीड
११ जानेवारी २०२५

बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचायला घेतलं, पहिल्या वेळी नीट कळेना आणि दुसऱ्या वेळी दिसेना, मग फरजानाने वाचून दाखवलं. मला आधी भांडू द्या. सहा महिने! मी दुपारी उन्हात त्या घरात कोणासाठी उभी होते, ते मलाच माहीत नाही. मी मूर्ख म्हणून मला गणित वाटलं. आणि तुम्ही 'उत्तम आहे, वारा छान येतो' लिहीत राहिलात. बाई, तुम्ही माझ्यापासून लपवलंत, याचा मला लई राग आलाय. तुम्ही येणार म्हणून लई आनंद झालाय. दोन्ही एकदम होतंय.

आता एजंट म्हणून लिहिते. दोन नंबर अजून रिकामं आहे. उंबरा कोणालाही अडेल म्हणून काढायचं मी जुलैतच गवंड्याला सांगितलं होतं, तो हट्टी आहे, पण काढला. दिव्याच्या वायरी टाकायला अजून वेळ आहे.

पण बाई, मी तुम्हाला हे घर देणार नाही. आत्ता नाही.

तुमचा तिसरा प्रश्न ऑगस्टपासून कोरा आहे. तुम्हीच म्हणालात, कोरं सोडायचं नाही, म्हणून उत्तर लिहिते. मुलाला आधी सांगावं. अठरा वर्षांत मी आतल्या माणसाला विचारल्याशिवाय एकही घर ठरू दिलं नाही. पुरुष बाहेर हो म्हणायचे आणि आत बाईचा चेहरा पडलेला असायचा, तेव्हा मी तिथंच थांबवायचे. तुमच्या घरात आतलं माणूस म्हणजे सुरज आहे. त्याला मागून कळलं तर त्याला वाटेल की त्याच्या घरात काही कमी होतं. जन्मभर वाटत राहील. मग तुम्हाला दोन नंबरमध्ये सकाळचं ऊन गोड लागायचं नाही. घर तुमचं, पैसा तुमचा, नाव तुमचंच लागेल, त्यात मी कोणाला हात लावू देणार नाही. पण सांगा आधी.

हे माझं पहिलं गिऱ्हाईक आहे आणि मी त्याला परत पाठवतेय. शेठना कळलं तर पुस्तक परत आणून देतील.

गौसिया

---

पुणे
२ फेब्रुवारी २०२५

चि. गौसिया, आशीर्वाद.

सांगितलं. कागदावर लिहून दिलं त्याला, कारण तोंडाने बोलले असते तर त्याचं उत्तर मला ऐकू आलं नसतं आणि मी सोयीचं तेवढंच ऐकलं असतं.

तू म्हणालीस तेच झालं. त्याला लागलं. दोन दिवस जेवताना ताटाकडेच पाहत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या कागदाखाली लिहून आणलं, "आई, तुला इथे एकटं वाटतं हे मला दिसत होतं. काय करावं सुचत नव्हतं म्हणून मी बघत नव्हतो. बीडला कोण आहे तुझं?" मी खाली तुझं नाव लिहिलं. मग तुझी आणि फरजानाची सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. रात्री बाराला तो वाचत होता आणि हसत होता. सडक्या सफरचंदांपाशी सूनबाईलाही उठवलं. सकाळी म्हणाला, म्हणजे लिहिलं, "जी एजंट पहिलं गिऱ्हाईक परत पाठवते, तिच्याकडूनच घर घ्यायचं."

संस्कृती रुसली आहे. तिला सांगितलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे यायचं, तिथे मोसंबीची दोन झाडं आहेत. ती विचारते, फक्त दोन?

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे येतो. सुरज मोजपट्टी घेऊन येणार आहे. मोजू दे त्याला. गॅलरी चटई क्षेत्रात धरत नाहीत हे मी त्याला सांगितलं आहे.

तिसऱ्या उत्तराला नऊ. तुझ्या उत्तराने माझी इतक्या वर्षांची गुर्मी उतरली, म्हणून एक कापला.

आशीर्वाद,
वत्सला नाईकवाडे

---

बीड
१२ मार्च २०२५

आदरणीय बाई,

काल सह्या करून तुम्ही घाईत गाडीत बसलात, मला बोलताच आलं नाही. मी बोलले असते तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं, म्हणून लिहिते.

रजिस्ट्री ऑफिसात त्या कारकुनाने तुमची सही घेतली, बिल्डरची घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आन् या बाई कोन? साक्षीदार का? आधार कार्ड द्या." सवयीने माझा हात पिशवीत गेला होता, बाई. मग मी हात बाहेर काढला. म्हटलं, "साक्षीदार न्हाई. एजंट हाय. पान सातवर बघा." त्याने पान उलटलं. बोट ठेवून नंबर वाचला, नाव वाचलं, आणि दुसरी खुर्ची ओढून म्हणाला, "बसा मॅडम." मॅडम! तुम्ही तेव्हा चष्मा पुसत होतात, तुम्हाला दिसलं नाही.

रोजा होता, घशाला कोरड होती, पण मी बाहेर येऊन पान सातचा मोबाइलवर फोटो काढला आणि ह्यांना पाठवला. ह्यांनी तो गल्लीत सगळ्यांना दाखवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही.

त्रिंबकशेठची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. रोज दहा प्रश्न सोडवून आणतात. कोरे सोडत नाहीत, सगळे ठोकून देतात. मी लाल पेन घेतलंय. काल सात दिले तर तोंड वाकडं केलं.

पाडवा तीस तारखेला, रविवारी. चंद्र दिसला तर ईद सोमवारी. पाडव्याला तुमचा गृहप्रवेश, सामान सुरज लावेल. मी त्या दिवशी येणार नाही, घरच्यांचा दिवस आहे. मी ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन येईन. बटन दाबीन. बघू.

तुमची
गौसिया

---

मोसंबीबाग, सदनिका क्रमांक दोन, बीड
३१ मार्च २०२५
(हातोहात)

चि. गौसिया,

तू समोर बसून शीरखुर्म्याच्या वाट्या भरते आहेस आणि मी हे लिहिते आहे. आता टपाल लागणार नाही, पण कागद लागेलच. सुरज समोर बसून माझ्याकडे बघतो आहे. त्याला वाटतंय मी किराणा लिहिते.

सकाळी मी ओट्यापाशी उभी होते. ऊन तू सांगितलंस तिथेच आलं होतं. उंबरा नाही, पाय अडकला नाही. ओल नाही, डास नाहीत. मी चहा गाळत होते आणि पाठ दाराकडे होती. पुण्यात पावणेतीन वर्षं माझ्या दाराशी माणसं येऊन परत गेली, गौसिया, आणि मला कधी कळलं नाही.

तेवढ्यात भिंतीवरचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा लागून राहिला, म्हणजे बटनावरून बोट न काढणारी तूच, हे मी दार उघडायच्या आधी ओळखलं.

तुझी जुलैची उत्तरपत्रिका मी पुण्याहून आणली आहे. ती या कागदाला जोडते. दुसऱ्या उत्तराचे आठ खोडले आहेत, नीट बघ, माझी सहीही आहे.

उत्तर दुसरे: घरात राहून तपासले. दहापैकी दहा.

वत्सला नाईकवाडे